एर्नेस्तो नाथान आणि रोमची नगरपालिका

२० सप्टेंबर १८७० रोजी सकाळी इटलीच्या राजाच्या तोफांनी रोमच्या तटाला पोर्ता पिआ या वेशीजवळ खिंडार पाडले आणि शेकडो वर्षे चालत आलेली पोपची ऐहिक सत्ता संपुष्टात आली. दुसऱ्या वर्षी रोम ही एकीकृत इटलीची राजधानी झाली. १५५५ मध्ये पोपच्या फर्मानाने तायबर नदीकाठच्या वस्तीत कोंडल्या गेलेल्या रोमच्या ज्यू लोकांना या घटनेमुळे इतर नागरिकांच्या बरोबरीचे हक्क मिळाले. त्यानंतर अवघ्या सदतीस वर्षांनी, नोव्हेंबर १९०७ मध्ये, रोमच्या नगरसभेने एका ज्यू गृहस्थाची महापौर म्हणून निवड केली. त्यांचा जन्म लंडनमध्ये झाला होता आणि त्यांच्या इटालियन बोलण्यातील इंग्रजी हेल शेवटपर्यंत गेला नाही. त्यांच्याकडे उमरावाची पदवी नव्हती आणि रोमच्या परिसरात वडिलोपार्जित जमीनही नव्हती. शिवाय कॅथलिक धर्मपीठ ज्या फ्रीमेसन पंथाला आपला कट्टर शत्रू मानीत असे, त्या पंथाच्या इटलीतील सर्वोच्च पदावर ते काही वर्षे राहिले होते. या गृहस्थांचे नाव एर्नेस्तो नाथान.

रोमसारख्या नगरीने असा माणूस आपला प्रमुख म्हणून का निवडला, आणि सहा वर्षांच्या कारकिर्दीत त्याने काय केले, हे पाहिले म्हणजे शहराचा कारभार कोणाच्या हितासाठी चालावा, या प्रश्नाचे एक ठोस उदाहरण आपल्यासमोर उभे राहते. शहर वाढते तेव्हा त्या वाढीचा लाभ जमिनीच्या मालकांना मिळावा की तेथे राहणाऱ्या सर्वांना, हा तो प्रश्न होय.

मॅझिनीच्या छायेत

नाथान यांचे वडील लंडनमध्ये व्यापारधंदा करीत. आई सारा ही इटलीतील पेझारो या गावची. १८५९ मध्ये पतीचे निधन झाल्यावर मोठ्या कुटुंबाचा भार साराबाईंवर पडला. लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या इटालियन देशभक्तांना त्यांचे घर सदैव खुले असे. या देशभक्तांचे अग्रणी जोसेफ मॅझिनी हे तर त्या घरातीलच एक झाले होते. साराबाईंनी त्यांच्या चळवळीला पैसा पुरवला आणि आपल्या मुलांना त्यांच्या शिकवणुकीत वाढवले. पुढे १० मार्च १८७२ रोजी पिसा येथे मॅझिनी यांचे निधन झाले, तेही एर्नेस्तो यांच्या बहिणीच्या, जानेट नाथान-रोस्सेल्ली यांच्या घरी. आयुष्यभर इटलीच्या ऐक्यासाठी झटलेला हा पुरुष त्या वेळी ब्राउन या टोपणनावाने आपल्याच देशात लपून राहत होता.

मॅझिनी हे नाव भारतीय वाचकांना परके नाही. नाथान ज्या वर्षी महापौर झाले त्याच वर्षी, म्हणजे १९०७ मध्ये, विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनमध्ये बसून केलेला मॅझिनीच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद पुण्यात प्रसिद्ध झाला आणि पुढे ब्रिटिश सरकारने तो जप्त केला. १९०९ मध्ये लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकात गांधीजींनी इटलीच्या उदाहरणाची चर्चा करताना मॅझिनीचे विचार आदराने सांगितले आणि वाचनीय पुस्तकांच्या यादीत मॅझिनीच्या मनुष्याच्या कर्तव्यांवरील ग्रंथाचा समावेश केला. एकाने त्यातून क्रांतीची प्रेरणा घेतली, तर दुसऱ्याने आत्मशुद्धीची. मॅझिनीच्या मानसपुत्रांपैकी एक असलेले नाथान मात्र त्याच शिकवणुकीतून नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाकडे वळले. हक्कांच्या आधी कर्तव्य येते, हे मॅझिनीच्या विचाराचे सार होते. कर्तव्य हा शब्द व्याख्यानात राहू नये, त्याचे रूपांतर शाळेत, दवाखान्यात, दिव्यांत आणि घरांत झाले पाहिजे, असे नाथान मानीत.

१८७१ मध्ये एर्नेस्तो रोमला आले ते मॅझिनीच्या वृत्तपत्राची व्यवस्था पाहण्यासाठी. जमाखर्च सांभाळणे, छपाईची देणी फेडणे, वर्गणीदारांचा पाठपुरावा करणे ही त्यांची कामे. वक्तृत्वापेक्षा व्यवस्थापन हाच त्यांचा पिंड होता. १८७३ मध्ये त्यांच्या आईने रोमच्या त्रास्तेवेरे या गरीब वस्तीत मुलींसाठी शाळा काढली. वेश्याव्यवसायावरील सरकारी परवाना पद्धती स्त्रियांना गुलाम करते, या भूमिकेतून इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांनी सुरू केलेल्या चळवळीलाही या कुटुंबाने इटलीत साथ दिली. १८८८ मध्ये एर्नेस्तो यांना इटलीचे नागरिकत्व मिळाले आणि त्यानंतर त्यांनी सार्वजनिक कारभारात प्रत्यक्ष प्रवेश केला. तत्त्वाने ते प्रजासत्ताकवादी होते, परंतु राजेशाहीच्या चौकटीतही नगरपालिकेमार्फत लोकांचे जिणे सुधारता येईल, अशी त्यांची खात्री पटलेली होती.

राजधानीचा बाजार

नाथान यांच्यापुढील कामाची कल्पना येण्यासाठी त्या काळच्या रोमकडे पाहिले पाहिजे. राजधानी झाली तेव्हा या शहराची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास होती. १९११ पर्यंत ती पाच लाखांच्या वर गेली. मंत्रालये आली, त्यांच्यामागून कारकून आले आणि त्यांच्यासाठी घरे बांधायला दक्षिणेकडून व मध्य इटलीतून हजारो मजूर आले. शहराभोवतीची जमीन जुन्या सरदार घराण्यांच्या आणि धार्मिक संस्थांच्या मालकीची होती. राजधानीला जागा लागणार हे ओळखून त्यांनी ती बँकांच्या व बांधकाम कंपन्यांच्या हवाली करण्यास आरंभ केला. लुदोविसी घराण्याचे जगप्रसिद्ध उद्यान १८८० नंतरच्या दशकात तोडून तेथे भूखंड पाडण्यात आले. १८८७ च्या सुमारास हा फुगा फुटला. अर्धवट इमारती उभ्याच राहिल्या, मजूर बेकार झाले, बँका बुडाल्या आणि १८९३ मध्ये उघडकीला आलेल्या बांका रोमाना प्रकरणाने देशाचे राजकारण हादरून गेले.

या सगळ्याचा भार अखेर नगरपालिकेवर पडला. मालकाने शहराबाहेर दूरवर भूखंड विकला की तेथे रस्ता, गटार, पाणी आणि दिवे पोचवण्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होत असे. त्या खर्चामुळे मधल्या मोकळ्या जमिनीचा भाव वाढे आणि तो वाढीव भाव पुन्हा त्याच मालकांच्या खिशात जाई. नगरपालिका कर्जात बुडत होती, तर तटाबाहेर मजूर लाकडी फळ्यांच्या आणि पत्र्यांच्या झोपड्यांत राहत होते.

नगरसभेवर या मालकवर्गाचाच वरचष्मा होता. इटालियन राज्याला मान्यता न देणाऱ्या पोपने कॅथलिकांना राष्ट्रीय निवडणुकांपासून दूर राहण्यास सांगितले होते, पण नगरपालिकेच्या निवडणुकांना ही बंदी लागू नव्हती. त्यामुळे धर्मनिष्ठ उमराव आणि मवाळ उदारमतवादी यांची युती दीर्घकाळ कारभार पाहत होती. १९०७ मध्ये रॅडिकल, प्रजासत्ताकवादी, समाजवादी आणि लोकशाहीवादी उदारमतवादी हे गट ‘लोकगट’ या नावाने एकत्र आले. त्यांनी निवडणूक जिंकली आणि २५ नोव्हेंबर १९०७ रोजी नाथान महापौर झाले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. भारतातील बहुतेक महानगरपालिकांत कार्यकारी अधिकार शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे असतात आणि महापौराचे पद मुख्यतः मानाचे असते. इटलीतील पद्धती वेगळी होती. तेथे नगरसभा आपल्या सभासदांतून महापौर निवडी आणि तो निरनिराळी खाती सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांच्या मंडळासह प्रत्यक्ष कारभार चालवी. शासनाचा प्रीफेक्ट हा अधिकारी त्यावर देखरेख ठेवी. म्हणजे महापौर हा एका छोट्या मंत्रिमंडळाचा प्रमुखच असे, असे म्हणावयास हरकत नाही.

खर्चाच्या बाबतीत नाथान किती काटेकोर होते, याची एक दंतकथा रोममध्ये आजही सांगतात. नगरभवनातील दप्तरे उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून मांजरे पाळलेली होती आणि त्यांच्या आतड्यांच्या मांसासाठी अंदाजपत्रकात रक्कम धरलेली असे. नव्या महापौरांनी त्या ओळीवर काट मारली आणि मांजरांना आता मांस मिळणार नाही, असा शेरा लिहिला. उंदीर नसतील तर मांजरे हवीत कशाला, आणि असतील तर त्यांना निराळे अन्न कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता म्हणे. कथा खरी असो वा रचलेली, ‘मांजरांना मांस नाही’ ही म्हण रोमच्या बोलीत रूढ आहे. फुकटची अपेक्षा करणाऱ्याला ती ऐकवतात.

जमिनीवरचा कर आणि शहराचा आराखडा

नाथान यांच्या हाती आलेले पहिले मोठे साधन राष्ट्रीय कायद्याचे होते. पंतप्रधान जोलित्ती यांच्या सरकारने जुलै १९०७ मध्ये रोमसाठी खास कायदा केला. त्यानुसार बांधकामाजोग्या, पण मोकळ्या ठेवलेल्या जमिनीवर कर बसवण्याचा अधिकार नगरपालिकेला मिळाला आणि त्याचा दर मूल्याच्या ३ टक्क्यांपर्यंत नेता येत होता. कायद्यातील खुबी मूल्य ठरवण्याच्या रीतीत होती. जमिनीचे मूल्य मालकाने स्वतः जाहीर करावयाचे आणि नगरपालिकेला ती जमीन हवी असेल तर त्याच मूल्याच्या आधारे ती संपादन करावयाची.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखाद्याने आपल्या जमिनीचे मूल्य १०,००० लिरा सांगितले तर त्याला वर्षाला ३०० लिरा कर भरावा लागेल. कर टाळण्यासाठी त्याने ते २,००० लिरा सांगितले तर कर ६० लिरांवर येईल, पण त्याच भावात जमीन गमावण्याचा धोका त्याने पत्करला असे होईल. अशा रीतीने लबाडीला स्वतःचाच चाप बसत होता. जमीन मोकळी ठेवून भाव चढण्याची वाट पाहणे फायद्याचे राहू नये आणि शहराला रास्त भावात जमीन मिळावी, असा दुहेरी हेतू त्यामागे होता.

दुसरे साधन म्हणजे १९०९ चा नगररचना आराखडा. सरकारी बांधकाम खात्यातील अभियंता एदमोन्दो सांजुस्त यांनी तो तयार केला. शहराच्या नव्या भागांचे त्यात तीन प्रकार पाडले होते. पहिल्यात २४ मीटर उंचीपर्यंतच्या मोठ्या इमारती बांधता येत. दुसऱ्यात भोवती बाग असलेली कमी उंचीची घरे आणि तिसऱ्यात बहुतांश जमीन झाडांसाठी राखून केवळ लहानशा भागावर बांधकाम अशी योजना होती. जुन्या सरदारी उद्यानांचा जो विध्वंस मागील पिढीने केला होता, त्याची पुनरावृत्ती टाळण्याचा हा प्रयत्न होता. त्याच सुमारास, १९०३ मध्ये स्थापन झालेल्या लोकगृह संस्थेमार्फत तेस्ताच्चो आणि सान साबा या भागांत कामगारांसाठी व कनिष्ठ नोकरदारांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. सान साबा येथील विटांची सुबक घरे आणि त्यांच्यामधील अंगणे आजही पाहण्यासारखी आहेत.

जमीनमालक स्वस्थ बसले नाहीत. करआकारणीवर हरकती घेण्यात आल्या, दावे लावण्यात आले आणि कराचे उत्पन्न अपेक्षेपेक्षा फार कमी आले. पुढे १९२० मध्ये आराखड्यातील बागेच्या घरांच्या जागी अधिक उंच व दाट इमारतींना मुभा देण्यात आली, तेव्हा मूळ योजनेचा आत्माच हरवला. नियम कागदावर करणे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकवणे या दोन गोष्टींतील अंतर रोमच्या या अनुभवातून दिसून येते.

ट्राम आणि वीज

नाथान यांच्या कारकिर्दीतील सर्वांत टिकाऊ काम सार्वजनिक सेवांच्या क्षेत्रात झाले. रोममधील ट्राम एका खाजगी कंपनीच्या हातात होत्या. वायू आणि वीज यांचा पुरवठा दुसऱ्या एका कंपनीची मक्तेदारी होती. जेथे नफा तेथेच ट्रामचे रूळ जात आणि मजुरांच्या वस्त्या मात्र पायी चालत. १९०३ च्या राष्ट्रीय कायद्याने अशा सेवा स्वतःच्या मालकीने चालवण्याची मोकळीक नगरपालिकांना दिली होती, मात्र त्यासाठी नागरिकांचा कौल घेणे आवश्यक होते.

या कामासाठी नाथान यांना योग्य सहकारी लाभला. जोव्हान्नी मोन्तेमार्तिनी हे अर्थशास्त्रज्ञ असून समाजवादी विचारांचे होते. सार्वजनिक सेवांच्या नगरपालिकीकरणावर १९०२ मध्ये त्यांनी ग्रंथ लिहिलेला होता. त्यांची भूमिका भावनिक नव्हती. समाजाने एखादी सेवा बाजारातून विकत घेण्याऐवजी स्वतः निर्माण करावी काय, हा प्रश्न खर्च आणि लाभ यांच्या हिशेबानेच सोडवावा, असे ते म्हणत. नगरपालिकेने सगळेच ताब्यात घ्यावे असा त्यांचा आग्रह नव्हता. खाजगी कंपनीशेजारी नगरपालिकेचा कारखाना उभा राहिला तरी स्पर्धेमुळे दर उतरतील, हे त्यांनी ताडले होते.

२० सप्टेंबर १९०९ रोजी नागरिकांचा कौल घेण्यात आला. पोर्ता पिआच्या खिंडाराचा वर्धापनदिन त्यासाठी मुद्दाम निवडला होता. मतदारांनी प्रचंड बहुमताने होकार दिला आणि नगरपालिकेच्या ट्रामसंस्थेची व वीजसंस्थेची स्थापना झाली. १९१२ मध्ये तायबरच्या काठी ओस्तिएन्से मार्गावर नगरपालिकेचे वीजकेंद्र सुरू झाले. रस्त्यांवरील दिवे त्यावर चालू लागले आणि खाजगी कंपनीलाही आपले दर खाली आणावे लागले. मोन्तेमार्तिनी यांना मात्र या यशाचा लाभ फार काळ पाहता आला नाही. १९१३ मध्ये नगरसभेच्या बैठकीतच त्यांना मृत्यू आला. वीजकेंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

शाळा आणि हिवताप

कराचा आणि विजेचा हा सगळा खटाटोप कशासाठी, असे विचारले असते तर नाथान यांनी शाळा हेच उत्तर दिले असते. आईने त्रास्तेवेरेत चालवलेल्या शाळेचा संस्कार त्यांच्यावर खोल होता. त्यांच्या काळात प्राथमिक शाळा व बालकमंदिरे वाढली आणि गरीब मुलांसाठी शाळेत जेवणाची सोय करण्यात आली. नगरपालिकेच्या शाळांत धर्मशिक्षण नसावे, ते कुटुंबाने द्यावे, ही त्यांची भूमिका होती. या भूमिकेमुळे धर्मपीठाशी त्यांचे वैर अधिकच वाढले.

रोमच्या शिक्षणक्षेत्रात त्या वर्षांत मोठी हालचाल चालू होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे नाथान यांच्या निवडीपूर्वी, डॉ. मारिया माँटेसोरी यांनी सान लोरेन्झो या मजूरवस्तीत आपले पहिले ‘बालगृह’ उघडले होते. ते नगरपालिकेचे काम नव्हते. एका गृहनिर्माण कंपनीने आपल्या भाडेकरूंच्या मुलांसाठी ते काढले होते. या प्रयोगाचे पडसाद पुढे भारतातही उमटले. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी येथे बालशिक्षणाची जी चळवळ उभारली, तिचे एक मूळ सान लोरेन्झोच्या त्या खोल्यांत आहे.

शहराच्या तटाबाहेर परिस्थिती अधिक बिकट होती. रोमभोवतीचा आग्रो रोमानो हा विस्तीर्ण, सखल प्रदेश हिवतापाने ओस पडलेला होता. मोठ्या जमीनदारांच्या शेतांवर हंगामापुरते येणारे मजूर गवताच्या झोपड्यांत राहत आणि तापाने फणफणत परत जात. या रोगाचे कोडे नुकतेच सुटले होते. ऑगस्ट १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले आणि १८९८ मध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोममध्ये अॅनाफिलिस जातीच्या डासामार्फत माणसाला हिवताप होतो हे सिद्ध केले. शतकाच्या आरंभी इटलीत हिवतापाने वर्षाला सुमारे १५,००० माणसे मरत. १९०० च्या कायद्यानुसार शासनाने स्वस्त दरात क्विनाइन पुरवण्याची जबाबदारी घेतली, परंतु ते झोपडीपर्यंत पोचवणार कोण, हा प्रश्न उरलाच.

येथे नगरपालिकेची आरोग्यकेंद्रे आणि स्वयंसेवकांचे कार्य यांची सांगड पडली. हिवतापतज्ज्ञ आंजेलो चेल्ली, त्यांच्या पत्नी आन्ना, कवी जोव्हान्नी चेना आणि लेखिका सिबिल्ला आलेरामो यांनी शेतमजुरांसाठी रविवारच्या व रात्रीच्या शाळा उघडल्या होत्या. निरक्षर मजूर औषधावर विश्वास ठेवीत नाही आणि सतत आजारी असलेला मजूर शिकू शकत नाही, म्हणून शाळा आणि औषध बरोबरच गेले पाहिजेत, असा चेल्लींचा अनुभव होता. १९११ च्या रोम प्रदर्शनात, इतर भव्य मंडपांच्या शेजारी, आग्रो रोमानोतील अशा झोपड्या आणि शाळा लोकांना दाखवण्यात आल्या.

पोर्ता पिआचे भाषण

२० सप्टेंबर १९१० रोजी पोर्ता पिआ येथे वार्षिक समारंभ होता. त्या वेळी नाथान यांनी पोपच्या जुन्या सत्तेवर जळजळीत भाषण केले. खिंडार पडण्याआधी दोनच महिने, जुलै १८७० मध्ये, पोपच्या अस्खलनशीलतेचा सिद्धांत घोषित झाला होता. त्याचा उल्लेख करून त्यांनी भूतकाळात रुतलेले रोम आणि विज्ञानाकडे व विवेकस्वातंत्र्याकडे चाललेले रोम अशी तुलना केली. पोप दहावे पायस यांनी रोमच्या कार्डिनल-व्हिकारला पत्र लिहून जाहीर निषेध केला. अनेक देशांतील कॅथलिकांनी सभा घेऊन महापौरांचा धिक्कार केला. नाथान यांनी प्रत्युत्तर दिले आणि माघार घेतली नाही.

या प्रसंगी कोणाची बाजू बरोबर होती, यावर इटलीत पुष्कळ लिहिले गेले आहे. विवेकस्वातंत्र्याचा त्यांचा आग्रह प्रामाणिक होता यात शंका नाही. तथापि ज्या नगरीतील बहुसंख्य लोक चर्चमध्ये बाप्तिस्मा घेत आणि तेथेच विवाहबद्ध होत, त्या नगरीच्या प्रथम नागरिकाने हा वाद या भाषेत छेडावा काय, हा प्रश्न उरतोच. जमिनीच्या करामुळे दुखावलेल्या मंडळींना या भाषणाने एक सोयीस्कर झेंडा मिळाला. भूखंडाच्या रक्षणासाठी लोक रस्त्यावर आले नसते, धर्माच्या रक्षणासाठी मात्र ते येऊ शकत होते.

१९११ मध्ये इटलीच्या ऐक्याला पन्नास वर्षे झाली. त्या निमित्ताने राजा व्हिक्टर इमॅन्युएल यांच्या स्मारकाचे उद्‌घाटन झाले, आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले आणि तायबरवर १०० मीटरांची एकच कमान असलेला प्रबलित काँक्रीटचा पूल उभा राहिला. व्हॅटिकनने मात्र ते वर्ष दुखवट्याचे मानले. देशात पटकीची साथ होती. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांची संख्या अपेक्षेपेक्षा कमी भरली.

पराभव

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इटलीने लिबियासाठी तुर्कस्तानशी युद्ध पुकारले. या युद्धाने डाव्या पक्षांत फूट पाडली. १९१२ मध्ये समाजवादी पक्षाने आपल्या नेमस्त नेत्यांना बाहेर काढले. लोकगट ज्या पायावर उभा होता तोच ढासळू लागला.

याच सुमारास मतदानाच्या हक्काचा विस्तार झाला. नव्या कायद्याने निरक्षर पुरुषांनाही ठरावीक वयानंतर मत मिळाले आणि देशातील मतदारांची संख्या तेहतीस लाखांच्या आसपास होती ती ऐंशी लाखांच्या वर गेली. लोकशाहीवादी ज्या सुधारणेची मागणी वर्षानुवर्षे करीत आले होते ती पदरात पडली. पण नव्या मतदारापर्यंत पोचण्याची यंत्रणा कोणाजवळ होती? गावोगावी आणि वस्तीवस्तीत चर्च होते, त्याच्या पतपेढ्या होत्या, मंडळे होती. १९१३ च्या निवडणुकीत कॅथलिक निर्वाचक संघाचे अध्यक्ष काउंट जेन्तिलोनी यांनी धर्माविरुद्ध कायदे न करण्याचे वचन देणाऱ्या उदारमतवादी उमेदवारांना पाठिंबा देण्याचा करार केला. रोममध्ये कॅथलिकांच्या मदतीने राष्ट्रवादी पक्षाचे लुइजी फेदेरझोनी निवडून आले. कौल ओळखून नाथान यांनी डिसेंबर १९१३ मध्ये राजीनामा दिला. १९१४ च्या नगरपालिका निवडणुकीनंतर महापौरपद पुन्हा एका सरदाराकडे, प्रोस्पेरो कोलोन्ना यांच्याकडे गेले.

या पराभवातील विसंगती विचार करण्यासारखी आहे. नाथान यांच्या कारभाराचा सर्वाधिक लाभ ज्या वर्गाला झाला, त्यातील बहुतेकांना १९०७ मध्ये मत नव्हते. त्यांना मत मिळाले तेव्हा नाथान यांच्या मित्रपक्षांजवळ त्यांच्याशी बोलण्याची भाषा नव्हती. ट्राम आणि दिवा लोकांच्या दारी गेला, पण ज्यांनी तो आणला ते स्वतः तेथवर फारसे पोचले नाहीत. चांगला कारभार आपली साक्ष आपणच देईल, असा विश्वास सुधारकांना अनेकदा वाटतो. रोमचा अनुभव या विश्वासाला पूर्णपणे दुजोरा देत नाही.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर सत्तरीच्या घरात आलेले नाथान स्वेच्छेने लेफ्टनंट म्हणून सैन्यात दाखल झाले. मॅझिनीच्या शिष्याला कर्तव्यातून सुटका नव्हती. ९ एप्रिल १९२१ रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी मुसोलिनीचे सैनिक रोमवर चालून आले. १९२५ मध्ये रोमची निर्वाचित नगरपालिका बरखास्त करून तेथे शासननियुक्त गव्हर्नर बसवण्यात आला. नाथान यांच्या बहिणी ज्या रोस्सेल्ली घराण्यात दिल्या होत्या, त्याच घराण्यातील कार्लो आणि नेल्लो या दोघा भावांचा, फॅसिझमच्या कडव्या विरोधकांचा, १९३७ मध्ये फ्रान्समध्ये खून करण्यात आला.

एवढ्या उलथापालथीनंतर नाथान यांच्या कार्यातील काय उरले? जमिनीवरचा कर निष्प्रभ झाला. आराखड्याला मुरड पडली. परंतु १९०९ मध्ये स्थापन झालेल्या दोन संस्था निरनिराळ्या नावांनी आणि रूपांनी पुढे चालत राहिल्या. रोमची सार्वजनिक वाहतूक आणि वीजपुरवठा यांचा वंश त्यांच्यापासूनच सांगितला जातो. ओस्तिएन्से मार्गावरील वीजकेंद्र १९६३ मध्ये बंद पडले. १९९७ मध्ये नगरभवनाच्या संग्रहालयातील प्राचीन शिल्पे जागेअभावी तेथे हलवण्यात आली आणि नंतर ती तेथेच राहिली. आज तेथे काळ्या, अवजड डिझेल यंत्रांच्या पुढ्यात संगमरवरी देवदेवता उभ्या आहेत. प्राचीन रोम पाहायला आलेला प्रवासी नकळत नाथान यांचे रोमही पाहून जातो. ते दगडी खांबांचे आणि विजयकमानींचे नव्हे, तर नागरिकांनी मतदान करून स्वतःच्या मालकीने उभारलेल्या एका कारखान्याचे रोम आहे.